शिवारातला पाऊस आणि शेजारातला करार



२०१९चा ऑगस्ट सांगली जिल्हा विसरणं शक्य नाही. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. त्या महिन्यात पाणी ५७ फुटांवर गेलं. बाजारपेठ बुडाली, नदीकाठची गावं तुटली. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची नाव उलटली आणि सतरा माणसं गेली. त्याच दिवसांत, त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, जत तालुक्यात टँकर फिरत होते आणि जनावरं चारा छावणीत बांधलेली होती. एकाच जिल्हाधिकारी कार्यालयातून एकीकडे बोटी पाठवल्या जात होत्या आणि दुसरीकडे पिण्याचं पाणी.

हवामानबदल म्हणजे काय, हे समजून घ्यायला सांगली-साताऱ्याच्या माणसाला ध्रुवावरच्या बर्फाकडे बघावं लागत नाही. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून उगवलेली कृष्णा ज्या जिल्ह्यातून वाहते, त्याच जिल्ह्यातल्या जतला पाचशेच्या आसपास समाधान मानावं लागतं. हा फरक सह्याद्रीइतकाच जुना. नवं आहे ते पावसाचं वागणं. २०२५ साली मोसमी पाऊस २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोहोचला. मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची आधी नोंद नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरात शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, दुष्काळासाठीच ओळखल्या जाणाऱ्या मुलखात, सीना नदीच्या पुराने गावं पाण्याखाली गेली. पडतो तेव्हा कोसळतो आणि ओढ देतो तेव्हा महिना-महिना देतो, असा हा पाऊस. त्याच्याशी जुळवून घेण्याचं काम सरकार, धरण आणि उपसा योजना यांच्याइतकंच वाडी-वस्तीवरच्या आणि आळीतल्या साध्या माणसाचंही आहे. तो ते करू शकतो, आणि या दोन जिल्ह्यांत त्याने ते केलेलंही आहे.

आधी जतचा हिशेब. तालुका क्षेत्राने फार मोठा, सुमारे सव्वादोन हजार चौरस किलोमीटर. त्यावर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर आकाशातून उतरणारं पाणी चाळीस टीएमसीच्या घरात जातं. कोयना धरणाची साठवण क्षमता १०५ टीएमसी आहे, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं वजन कळेल. म्हैसाळच्या विस्तारित उपसा योजनेतून जतच्या पूर्वेकडच्या वंचित गावांसाठी जे पाणी धरलं आहे, ते सहा टीएमसी. त्या पाण्यासाठी इथल्या माणसांनी किती वर्षं वाट पाहिली, मोर्चे काढले, प्रसंगी राज्य बदलण्याचे ठराव केले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. तो हक्क आहे आणि तो मिळालाच पाहिजे. नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीला तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद उभी केली ती याच हक्कासाठी. पण चाळीस टीएमसीचा विचार सहा टीएमसीच्या वाटेकडे डोळे लावून मागे पडू नये.

हे सगळं पाणी अडवता येत नाही, हेही खरं. त्यातलं बरंचसं पिकं आणि गवत पितात, बरंचसं उन्हाने उडून जातं. जतसारख्या मुलखात उघड्या पाण्यावरून वर्षाला दीड-दोन मीटर जाडीचा थर वाफ होऊन जातो. म्हणून इथे पाण्याची सुरक्षित जागा तळ्यात कमी आणि जमिनीत जास्त.

त्या जमिनीखाली काळा पाषाण आहे. लाव्हाचे थर एकावर एक बसून झालेला. वरचा झिजलेला मुरूम आणि त्याखालचा भेगाळ भाग पाणी धरतो, सलग पाषाण धरत नाही. जुन्या विहिरी चाळीस-पन्नास फुटांच्या असत त्या याच कारणाने. त्या पावसाबरोबर भरत आणि उन्हाळ्यात खाली जात. आठशे-हजार फूट बोअर मारून हाती लागतं ते बहुधा एखाद्या खोल भेगेत फार काळ साठलेलं पाणी. ते उपसलं की पुढच्या पावसात भरेलच, याची खात्री नाही. एकाने पाचशे फूट मारला की शेजारी सातशे मारतो, मग पहिला पुन्हा हजारावर जातो. दोघांचंही कर्ज वाढतं आणि दोघांच्या मधली जुनी विहीर आटते. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९चा आहे आणि खोल विहिरींवर, बोअरवर नियंत्रण आणण्याची तरतूद त्यात आहे. पण रात्री गावात शिरणारी बोअरची गाडी कायद्याच्या पुस्तकाने थांबत नाही. ती थांबते गावाने थांबवली तर.

या व्याख्यानाचं म्हणणं इथेच आहे. वस्ती टिकते ती तिथल्या बांधकामांमुळे थोडी आणि माणसांनी आपसात केलेल्या करारामुळे जास्त. चर खणणं सोपं. त्यात मुरलेलं पाणी कोण, किती आणि कशासाठी उपसणार, हे आधी ठरवणं अवघड. ज्यांनी ते आधी ठरवलं ते तरले.

अशी माणसं शोधायला दूर जावं लागत नाही. वि. स. पागे यांचं नाव या जिल्ह्यात आदराने घेतलं जातं. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पाग्यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक प्रयोग सुरू केला. मागेल त्याला काम, आणि ते काम गावाच्या उपयोगाचं. १९७२चा दुष्काळ आला तेव्हा हीच कल्पना राज्यभर कामी आली. १९७३च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्या काळातले पाझर तलाव, नालाबांध आणि ताली आजही जत-आटपाडीच्या शिवारात दिसतात. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९ पासून लागू झाला आणि २००५ साली केंद्राने त्याच धर्तीवर देशभरासाठी कायदा केला. राज्याच्या हमी योजनेतली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. हमीच्या पैशासाठी महाराष्ट्राने व्यवसाय कर बसवला, म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या खिशातून दुष्काळी गावाची मजुरी निघू लागली. मुंबईतला कारकून आणि जतमधली मजूर बाई यांच्यातला तो न बोललेला करारच होता.

त्याच कामांवर एक प्रश्नही उभा राहिला, आणि तो विचारला खानापूर तालुक्यातल्या दुष्काळग्रस्तांनी. १९८२च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेले कामगार गावी खडी फोडत होते. दरवर्षी दुष्काळ, दरवर्षी खडी; मग दुष्काळ हटेल कधी? या प्रश्नातून मुक्तीसंघर्ष चळवळ वाढली. भारत पाटणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी शेतकऱ्यांना जोडून पावसाचा, पिकांचा, येरळा नदीच्या वाळूचा अभ्यास केला. येरळा कोरडी पडत होती आणि तिच्या पात्रातली वाळू ठेकेदार ट्रकने नेत होते. वाळू गेली की नदीची पाणी धरून ठेवणारी चादरच जाते. बलवडी आणि तांदुळवाडी या दोन गावांनी ठरवलं की बेसुमार उपसा थांबवायचा, मर्यादित वाळू आपणच विकायची आणि त्या पैशांतून आपलं धरण बांधायचं. १९८६ साली काम सुरू झालं. परवानग्यांसाठी भांडावं लागलं, श्रमदान झालं, शहरांतल्या विद्यार्थ्यांनी आणि अभियंत्यांनी हात लावला. धरणाला बळीराजाचं नाव दिलं.

धरण लहान आहे. त्यामागचा ठराव मोठा आहे. पाणी प्रत्येक कुटुंबाचं, ज्याच्याकडे जमीन नाही त्याचाही वाटा, आणि उसासारख्या तहानलेल्या पिकासाठी ते उधळायचं नाही, हे भिंत उभी राहण्याआधी ठरलं होतं. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत सुरू केली तिचंही सूत्र हेच होतं. पाणी जमिनीच्या मापाने वाटायचं नाही, माणसांच्या संख्येने वाटायचं. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हिस्सा, आणि ऊस नाही. खर्चाचा एक भाग सभासदांनी उचलायचा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली पुढचं पाऊल टाकलं. शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद, आणि पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेसमोर. पाऊस कमी झाला त्या वर्षी पिकं बदलायची. तिथला पाऊस जतपेक्षा फार वेगळा नाही, हे आवर्जून सांगायला हवं.

अलीकडची मोठी लाट पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेची. २०१६ साली पहिल्या स्पर्धेत तीन तालुके होते, त्यांतला एक सातारा जिल्ह्यातला कोरेगाव. पहिलं बक्षीस कोरेगावच्या वेळू गावाला मिळालं. २०१८ साली स्पर्धा ७५ तालुक्यांत पसरली आणि माण तालुक्यातली टाकेवाडी पहिली आली. एप्रिल-मेच्या उन्हात रोज पहाटे टिकाव-फावडी घेऊन निघालेली माणसं, माहेरवाशिणी, लष्करातून सुट्टीवर आलेले जवान, पुण्या-मुंबईहून महाराष्ट्र दिनाला आलेले जलमित्र, असं दृश्य या भागाने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. काम शास्त्रशुद्ध होतं. माथ्यापासून पायथ्याकडे, वर सलग समतल चर, ओघळींत अनघड दगडांचे बांध, खाली ताली आणि नालाबांध. गावातल्याच निवडक बाया-बापड्यांना प्रशिक्षण दिलं होतं आणि त्या मोजणीची नळी हातात धरून इतरांना रेषा आखून देत होत्या.

आणि त्याच २०१८ साली पाऊस फिरकला नाही. ऑक्टोबरअखेर राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात जतही होता. नव्या चरांत उतरायला पाणीच नव्हतं. पुढच्या वर्षी पाऊस आला तेव्हा चर भरले, विहिरी वर आल्या, आणि दुसरी परीक्षा सुरू झाली. विहिरीला पाणी दिसताच काही गावांत नवे बोअर पडले, नव्या बागा लागल्या आणि दोन वर्षांत मिळवलेलं पाणी एका उन्हाळ्यात संपलं. ज्यांनी संपवलं ते दुष्ट नव्हते. मुलीचं लग्न, सोसायटीचं कर्ज, डाळिंबावरचा रोग, द्राक्षाला लागलेला अवकाळी पाऊस, या सगळ्यांतून सुटायला माणूस हाती लागेल ते पाणी वापरतो. म्हणूनच करार पाणी येण्याआधी व्हायला हवा. आलेल्या पाण्यावर वाटाघाटी करणं माणसाच्या स्वभावाला फार जड जातं. फाउंडेशननेही २०२२ पासून फार्मर कपच्या रूपाने गटशेतीकडे मोर्चा वळवला. चर खणणाऱ्यांनी एकत्र पिकवावंही, हा तो विचार.

शेततळ्यांबद्दल इथे स्पष्ट बोललं पाहिजे. प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं पावसाच्या वाहत्या पाण्याने भरलं तर ते वरदान. पण द्राक्ष आणि डाळिंबाच्या पट्ट्यात अनेक शेततळी विहिरी-बोअरच्या पाण्याने भरली जातात. सगळ्यांचं भूजल उपसून एकाच्या मालकीच्या उघड्या हौदात टाकायचं आणि त्यातला मोठा भाग उन्हाला द्यायचा, असा तो व्यवहार होतो. बाग जगवणाऱ्या शेतकऱ्याची निकड खरी आहे, त्याला दोष देऊन काही साधणार नाही. तळं पावसानेच भरायचं आणि पंपाचं पाणी त्यात सोडायचं नाही, इतका एक नियम वस्तीने पाळला तरी खालच्या विहिरींत उन्हाळ्यात फरक दिसेल. आणि झाकण म्हणून शेडनेट टाकता आलं तर वाफही कमी होईल.

दुसरा अवघड विषय चराईबंदीचा. पाणलोटाच्या कामात कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी नेहमी जोडीने येतात. झाडांसाठी ती गरजेची आहे, पण जत हा मेंढपाळांचा तालुका आहे. माडग्याळची मेंढी, तिचं बाकदार नाक आणि पांढऱ्या अंगावरचे तपकिरी ठिपके, दूरदूरच्या बाजारांत ओळखली जाते. पावसाने दगा दिलेल्या वर्षी ज्वारी जाते, बाग जाते. मेंढरं चालून दुसऱ्या मुलखात जाऊ शकतात. बदलत्या हवामानात याहून टिकाऊ धंदा या मातीत कोणता आहे? ज्या गावात डोंगर अचानक बंद होतो तिथे सगळ्यांत आधी धनगराचं घर मोडतं, आणि मग बंदीही रात्री मोडते. शहाणी गावं डोंगर तुकड्यातुकड्याने बंद ठेवतात. एक भाग दोन-तीन पावसाळे राखायचा, बाकीचा मोकळा, मग पाळी बदलायची. राखलेल्या भागातलं गवत कापून नेण्याचा पहिला हक्क मेंढपाळ कुटुंबांना द्यायचा. आणि रब्बीनंतर शेतात मेंढरं बसवायची जुनी पद्धत चालू ठेवायची. त्या खताने माती पाणी धरते, आणि ज्या मातीने पाणी धरलं तिथे शाळू एक पाऊस कमी पडला तरी उभा राहतो. मंगळवेढ्यापासून जतच्या काळ्या रानांपर्यंतची मालदांडी ज्वारी केवळ जमिनीतल्या ओलीवर येते. हुलगा, मटकी, करडई, बाजरी या पिकांना या तालुक्यात कोणी शिकवायला यावं लागत नाही. त्यांना भाव आणि जागा मिळायला हवी.

झाडांबाबतही हीच गोष्ट. दर जुलैत खड्डे, रोपं, फोटो होतात आणि मार्चमध्ये काठ्या उरतात. जतच्या माळावर रोपाला तीन उन्हाळे पाणी देणारं माणूस नेमलेलं नसेल तर ते लावू नये, असं परखडपणे सांगितलं पाहिजे. दहाच झाडं लावावीत आणि प्रत्येक झाड एका घराच्या नावाने असावं. त्याहून स्वस्त मार्ग आफ्रिकेतल्या नायजर देशाने दाखवला. तिथल्या शेतकऱ्यांनी १९८०च्या दशकापासून नवी रोपं लावण्याऐवजी तोडलेल्या झाडांच्या जिवंत खोडांतून येणारे फुटवे राखायला सुरुवात केली. चार-दोन जोमदार फुटवे ठेवायचे, बाकीचे छाटायचे, एवढंच. सुमारे पन्नास लाख हेक्टर रानावर अशी झाडं परत उभी राहिली, आणि त्यातली बहुतेक सरकारी नर्सरीशिवाय. जतच्या बांधांवर हिवर, बाभूळ, बोर आणि कडुनिंबाचे असे फुटवे जागोजाग आहेत. नांगरट करताना आणि बांध जाळताना ते जातात.

आता शिवारातून आळीत येऊ. जत शहरात आता नगर परिषद आहे, सिमेंटचे रस्ते आहेत, स्लॅबची आणि पत्र्याची घरं आहेत, आणि उन्हाळ्यात दारोदारी टँकरची वाट पाहणंही आहे. एक हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर पहिल्या पावसाचं धुवण आणि गळती वजा करून पस्तीस हजार लिटरच्या पुढे पाणी हाती येतं. दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर. पन्हळीला पाइप जोडून, वाळू-खडीच्या गाळणीतून ते टाकीत किंवा आळीतल्या जुन्या आडात सोडता येतं. बोअरमध्ये सोडायचं असेल तर गाळणी नीट हवी, नाहीतर गटाराची घाण थेट भूजलात जाईल. ही दक्षता नळकारागिराइतकीच शेजाऱ्यांनीही घ्यायची, कारण पाणी खाली एकच असतं. बंद पडलेले, कचऱ्याने भरलेले आड गाळून काढणं हे गणेश मंडळांच्या ताकदीतलं काम आहे. वर्गणी, तरुण हात आणि पंचक्रोशीत शब्द, तिन्ही त्यांच्याकडे असतात.

उकाड्याचा विचार आपल्याकडे अजून आपत्ती म्हणून होत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला भर दुपारी उघड्यावर झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने चौदा माणसं दगावली, तेव्हा क्षणभर झाला. इथली जुनी माळवदाची घरं उन्हाशी बोलून बांधलेली होती. दोन हात जाडीच्या भिंती, वर लाकूड आणि पांढऱ्या मातीचं माळवद. बाहेर चाळीस अंश असताना आत बसवायचं. ती घरं गेली, पत्रा आला, आणि पत्र्याखाली दुपारी तान्हं मूल ठेवणं कठीण झालं. स्लॅबला दर मार्चमध्ये चुन्याचा पांढरा हात, पत्र्याला पांढरा रंग किंवा आतून बांबूच्या तट्ट्याचं छत, दाराशी सावलीचं झाड, एवढ्याने घर वातानुकूलित होणार नाही, पण झोप लागेल इतकं थंड होईल. पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्या टाकण्याची रीत काही वस्त्यांवर आहे. ती चुलीच्या धुराड्यापासून आणि विजेच्या तारेपासून लांब असावी. अहमदाबादने २०१० च्या मे महिन्यातल्या जीवघेण्या लाटेनंतर २०१३ साली दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. त्यात मोठं महत्त्व होतं इशारा वेळेवर पोहोचण्याला.

उकाड्यात माणसं एकटेपणाने मरतात. १९९५च्या जुलैत अमेरिकेतल्या शिकागो शहरात काही दिवसांच्या लाटेत सातशेहून अधिक लोक दगावले. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी नंतर त्या मृत्यूंचा नकाशा तपासला. शेजारी-शेजारी असलेल्या दोन गरीब वस्त्यांत ऊन सारखंच होतं, पण एकीत मृत्यू दुसरीच्या मानाने कित्येक पटींनी कमी. कमी मृत्यूंच्या वस्तीत रस्त्यावर दुकानं होती, वर्दळ होती, म्हाताऱ्यांना बाहेर पडायला कारण होतं आणि ती दिसली नाहीत तर विचारणारं कोणीतरी होतं. जतच्या गावांत आज तरुण मुलं पुण्याला, मुंबईला, ऊसतोडीला जातात आणि घरी एकटे आई-बाप राहतात. आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडीताई यांना अशी घरं तोंडपाठ असतात. फेब्रुवारीत त्या घरांची यादी करून प्रत्येकाला एक शेजारी नेमून देणं, एवढ्या कामाला कोणताही निधी लागत नाही.

इशाऱ्याच्या बाबतीत बांगलादेशासारखा दुसरा धडा नाही. १९७०च्या चक्रीवादळात तिथे किमान तीन लाख माणसं मेली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या स्वयंसेवकांच्या फळीत आज सत्तर हजारांहून अधिक साधी माणसं आहेत आणि त्यांपैकी जवळपास निम्म्या स्त्रिया. सायकलवर कर्णा लावून, दारोदार जाऊन ती लोकांना निवाऱ्यात नेतात. २०२० च्या अम्फान वादळात बांगलादेशात वीस लाखांहून अधिक लोक हलवले गेले आणि बळींची संख्या शंभरापर्यंतही पोहोचली नाही. ब्रह्मनाळच्या नावेची आठवण काढताना बांगलादेशाचं नाव घ्यावंसं वाटतं. कृष्णाकाठच्या गावांत कोणाला आधी काढायचं, नाव किती माणसांची, वल्हवणारा कोण, जनावरं कुठे न्यायची, हे जूनमध्ये ठरलेलं असेल तर ऑगस्टच्या रात्री धावपळ कमी होते.

असा इशारा पोहोचवायला जतला एक खास साधन आहे. येरळा प्रोजेक्ट्स सोसायटीचा ‘येरळावाणी’ हा सामुदायिक रेडिओ याच तालुक्यातल्या जालिहाळ बुद्रुकहून चालतो. माण तालुक्यात म्हसवडलाही चेतना सिन्हांच्या माणदेशी फाउंडेशनचा रेडिओ आहे. हा तालुका मराठी आणि कन्नड अशा दोन भाषांत बोलतो. उमदी-संखच्या पलीकडच्या वस्तीवरच्या आजीला उष्णतेचा किंवा गारपिटीचा इशारा मराठी मोबाइल संदेशातून कळत नसेल तर तो इशारा अर्धाच पोहोचला. सूचना, ठराव, पाण्याच्या पाळीचा कागद, सगळं दोन्ही भाषांत हवं.

आता ग्रामसभेचं. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट आणि दोन ऑक्टोबर या चार दिवशी बहुतेक गावांत ती भरते, किंवा भरल्याची नोंद होते. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी राखला होता, आणि पावसाचं पाणी साठवणं त्यात बसत होतं. किती गावांनी त्यातून किती छपरांना पन्हळी बसवल्या, हा प्रश्न ग्रामसभेत कोणीही मतदार विचारू शकतो.

दोन ऑक्टोबरच्या सभेत टेबलावर एकच कागद असावा. शाळेच्या पटांगणात लावलेल्या पर्जन्यमापकाने मोजलेला त्या वर्षीचा पाऊस, ठरलेल्या दहा विहिरींची पाण्याची पातळी, तलाव-बंधाऱ्यातला साठा, गावातली माणसं आणि जनावरं. मोजणी आठवी-नववीच्या मुलांनी करावी. दोर, दगड आणि वही एवढंच सामान लागतं. मग पहिली वजाबाकी पिण्याच्या पाण्याची. तीन हजार वस्तीच्या गावाला माणशी रोज ५५ लिटर धरले तर ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांना सुमारे चार कोटी लिटर लागतात. दीड हजार मोठी जनावरं असतील तर आणखी पावणेदोन कोटी. आकडे ऐकून छाती दडपते, पण जतच्या सरासरी गावाचं शिवार अठराशे हेक्टरांचं धरलं आणि दुष्काळात तीनशे मिलिमीटरच पाऊस झाला, तरी त्यावर पाचशे चाळीस कोटी लिटर पाणी पडलेलं असतं. माणसाची आणि जनावराची तहान त्याच्या एक टक्क्याच्या आसपास आहे. तेवढं पाणी कोणत्या दोन-तीन विहिरींत राखायचं, त्या विहिरींवर आणि त्यांच्या भोवती किती अंतरात शेतीचा पंप आणि नवा बोअर चालू द्यायचा नाही, त्या शेतकऱ्याला गावाने काय भरपाई द्यायची, हे नावानिशी लिहून, मराठीत आणि कन्नडमध्ये, चावडीवर लावायचं. उरलेल्या पाण्यावर शाळू किती, हरभरा किती, बाग कोणाची जगवायची, हे मग ठरवता येतं. जानेवारीच्या ग्रामसभेआधी त्याच दहा विहिरींत पुन्हा दोर सोडायचा आणि पातळी ठरल्यापेक्षा खाली गेली असेल तर कागदावरची पाळी त्याच दिवशी बदलायची.